मदत हवी आहे: बाळाचा स्वेटर छातीला आखूड, टोपी उथळ. चुकतंय कुठं?

नमस्कार मंडळी, कोल्हापूरहून लिहितेय.

धाकट्या बहिणीच्या लेकीला मुलगा झालाय, आता सात महिन्यांचा आहे. बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी सगळं दिलं, पण सगळं विकतचं. हातानं विणलेलं काही देता आलं नाही ही रुखरुख राहिली. ती माणसं रंकाळ्याला लागूनच राहतात आणि थंडीत तिथं पहाटे पाण्यावरून वारं सुटतं. म्हणून दिवाळीआधी स्वेटर-टोपी पुरी करायचीच असं ठरवून बसले.

सुलट-उलट मी आईजवळ बसून शिकले. शाळेत असताना एक मफलर केला होता, त्यानंतर तीसेक वर्षं सुया हातात धरल्या नाहीत. आईच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुया जपून ठेवल्यात, बोंडावर ८ आकडा आहे. ज्या अमेरिकन बाईंचा व्हिडिओ बघून करतेय त्याही आठ नंबरच सांगतात, त्यामुळं नवीन सुया घेतल्या नाहीत. लोकर महाद्वार रोडवरून आणली, मऊ अ‍ॅक्रिलिकची.

पाठ आणि पुढची बाजू वेगवेगळी विणायची, प्रत्येकी ४५ टाके. खाली दोन सुलट दोन उलटची पट्टी, वर एक रांग सुलट एक रांग उलट. छातीचा घेर ५० सेंटीमीटर भरायला हवा. बाजू शिवून टेप लावली तर जेमतेम ४१! बाळाची छातीच ४४ आहे. तरी घालून बघितला, तर गळा कानापाशीच अडकला आणि बाळ रडायला लागलं. भाचीनं हळूच काढून घेतला, म्हणाली, "राहू दे मावशी, किती डोळे फोडून घेतेस." प्रेमानंच म्हणाली, पण मला फार लागलं.

टोपी क्रोशाची, त्याच बाईंच्या कृतीनं. त्या डबल क्रोशे म्हणतात. आईच्या जुन्या विलायती पुस्तकात डबल क्रोशेचा जो टाका दिलाय तोच मी घातला. फेरे मोजून बरोबर, पण टोपी वाटीसारखी उथळ झाली, कान उघडे.

मोतीबिंदूमुळं आईला आता टाके दिसत नाहीत. तिनं स्वेटर मांडीवर घेतला, गळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, दोन ठिकाणी थांबली. "बंद करताना आवळलंयस. पण अंग बारीक झालंय ते ह्यानं नाही," म्हणाली. मग कशानं, ते तिलाही सांगता येईना.

नंबर तोच, टाके तेवढेच, मग नऊ सेंटीमीटर गेले कुठं? बाजूला पट्ट्या जोडून भागेल, की सगळं उसवावं लागेल?

प्रतिसाद

ताई, तुमचा हात चुकलेला नाही, आकड्यानं घोटाळा केलाय. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकेत बरोबर उलटं, आकडा वाढेल तशी सुई जाड. त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची, म्हणजे आपली ६ नंबर. सुई बारीक, म्हणून प्रत्येक टाका बारीक आणि सगळं अंगच आवळलं.

टोपीचंही तेच. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, सुईवर धागा एकदा गुंडाळून घालतो तो उंच टाका. ब्रिटिश पुस्तकातला डबल क्रोशे हा न गुंडाळता घातलेला बुटका टाका, त्याला अमेरिकेत सिंगल म्हणतात. तुम्ही सगळे फेरे बुटके घातलेत, उंची येणार कुठून?

आता एक करा. स्वेटर सपाट पसरा आणि मधोमध, कडा सोडून, १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजून सांगा. सुईसुद्धा मोजा, जुन्या सुयांच्या आकड्यावर जाऊ नका.

धागाकर्ती

मोजलं. माझे २२ टाके. व्हिडिओ परत लावला तर त्या सुरुवातीलाच १८ म्हणतात, मी ते पुढं ढकलून दिलं होतं. आमच्या ह्यांचं उद्यमनगरात लेथचं काम आहे, त्यांनी व्हर्निअर आणून सुई धरली: बरोबर ४ मिलिमीटर. म्हणाले, तारेच्या गेजचंही असंच असतं, नंबर वाढेल तशी तार बारीक. घरातच उत्तर होतं आणि मी आठवडाभर टाके मोजत बसले होते!

प्रतिसाद

मग हिशेब सोपा आहे. ४५ टाक्यांना १८ नं भागून १० नं गुणलं की २५ सेंटीमीटर, दोन बाजू मिळून ५०. तेच १८ च्या जागी २२ घेतले की साडेवीस, दोन्ही मिळून ४१. तुमचे नऊ सेंटीमीटर इथं गेलेत.

पट्ट्या जोडू नका, काखेत गोळा होतं. उसवा. ६ नंबरच्या सुया मिळाल्या तर ४५ टाकेच ठेवा, पण आधी तुकडा विणून १८ येतात का बघा. मला विचाराल तर आईच्याच सुया ठेवा, वीण दाट येते, बाळाला ऊब राहते. मग एका बाजूला ५८ टाके घाला. दोन-दोनची पट्टी दोन सुलटनं सुरू होऊन दोन सुलटवर संपते, शिवणीत दोन्हीकडचा एकेक टाका जातो आणि घेर ५० च्या थोडा वर भरतो.

गळ्याचं आई बरोबर म्हणाल्या. जन्मतः बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं, दोन्ही सारखी व्हायला वर्ष उजाडतं. त्यामुळं छातीला बसणारा स्वेटरही डोक्यात अडकतो. गळ्याचे टाके बंद करताना उजव्या हातात जाड सुई घ्या आणि एक खांदा उघडा ठेवून दोन बटणं लावा. बटणं दुहेरी दोऱ्यानं घट्ट शिवा, बाळ आधी तेच तोंडात घालतं. आतून लोंबता धागा ठेवू नका, बोटाला गुंडाळला तर रक्त अडतं. आणि अ‍ॅक्रिलिकला गरम इस्त्री अजिबात नको, वितळून चपटं होतं.

धागाकर्ती

काल रात्री उसवला. आई लोकर गुंडाळत होती, मी ओढत होते. वळ्या पडलेल्या लोकरीची लड करून कोमट पाण्यात बुडवायची आणि वाळत टांगायची हे तिनंच सांगितलं, आता गॅलरीत दोरीवर आहे. टोपीही उसवली, खांबांनी चार फेरे झाले आणि आत्ताच कानापर्यंत येईल अशी दिसतेय.

लड वाळली की आजच ५८ टाके घालणार. तोवर एवढंच सांगा: बाळाला भाची डाव्या कडेवर घेते, मग बटणं कुठल्या खांद्यावर ठेवू, म्हणजे तिच्या अंगाला दाबून त्याला टोचणार नाहीत?