मदत हवी आहे: डेंगी एकाला सौम्य, दुसऱ्याला जोरात, असं का?

म्हापशात आमच्याकडे पावसात दोघांना डेंगी झाला, भावाला नुसता ताप आणि वहिनीच्या प्लेटलेट्स पार २० हजारांवर घसरल्या. डेंगीचे ४ प्रकार, दुसऱ्या वेळी वेगळा प्रकार झाला तर धोका जास्त, हे माहितीय, पण हा आरएनए विषाणू (म्हणजे डीएनएऐवजी आरएनएत जनुकं असलेला) स्वतःच्या कॉप्या काढताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही, म्हणजे एकाच पेशंटच्या रक्तात थोड्या थोड्या फरकाच्या विषाणूंची जत्राच भरते ना? २००६ मध्ये पोलिओच्या विषाणूवर उंदरांत प्रयोग झालेला, चुका कमी करणारा विषाणू घेतला, विविधता घटली तर तो कमी घातक ठरला. डेंगीच्या पेशंटांत असं कोणी तपासलंय का? की आजार वाढला म्हणून विविधता वाढते, उलटंच? बांबोळीचे (गोवा मेडिकल कॉलेजचे) डॉक्टर, मायक्रोबायोलॉजीवाले कोणी असाल तर सांगा, कोंकणीत लिहिलंत तरी चालेल. फक्त 'प्रतिकारशक्ती कमी असेल' नको, ते शेजारच्या काकूंनी आधीच सांगितलंय 😅