दहा मिनिटांत लो-कार्ब पेस्ट्री? कुणाच्या घड्याळात?

भट्टीवाली:
कालचा लेख वाचून डोकं फिरलंय, म्हणून वेगळा धागा काढते. त्यात लिहिलंय: "सकाळच्या घाईत दहा मिनिटांत लो-कार्ब पेस्ट्री, हुबेहूब क्रोसाँसारखी, घरात कुणाला फरक कळणार नाही." खाली 'आजच करते' म्हणणाऱ्यांची रांग लागलीये.

मैद्याऐवजी बदामपीठ आणि चीज वापरून केलेली ही लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांची, पेस्ट्री मी नेहमी करते, म्हणून बोलते. मोझरेला आणि क्रीम चीज मायक्रोवेव्हमध्ये वितळायला मिनिट-दीड मिनिट लागतं, इथवर लेख खरा. पुढे त्या गरम लगद्यात लगेच अंडं फोडलंत तर ते जागच्या जागी शिजतं आणि पांढऱ्या गुठळ्या होतात. थांबलात तर चीज आळतं, बदामपीठ त्यात मिसळत नाही, परत गरम करा. मग दोन बटर पेपरांमध्ये धरून लाटा, सारण भरा, दुमडा. ओव्हन तापायला दहा-पंधरा मिनिटं, भाजायला त्याहून थोडी जास्त. बाहेर काढल्यावर लगेच कापायचंही नाही, कारण गरम असताना आतून ते ओलसरच असतं, सुरी लावली की चेपतं. आणि भांडं! चीज चिकटलेल्या भांड्यावर गरम पाणी ओतलं की ते ताणलं जाऊन घासणीत गुंतून बसतं. आधी गार पाण्यात भिजत ठेवावं लागतं. हे सगळं दहा मिनिटांत बसतंच कसं?

'हुबेहूब' तर अजिबात नाही. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. भट्टीत त्याची वाफ होते आणि ग्लुटेन या गव्हातल्या चिवट प्रथिनामुळे टिकून राहिलेले पिठाचे पातळ थर ती वाफ धरून उचलले जातात, म्हणून क्रोसाँला पापुद्रे सुटतात. बदामात ग्लुटेन नाही. इथे पीठ ताणलं जातं ते चीजमधल्या केसीन या प्रथिनामुळे. त्यानं लाटता येतं, थर सुटत नाहीत. खाताना लागतं मऊ, जरा रवाळ, किंचित खारट. मला आवडतं. पण ज्याला नुकतीच शुगर निघालीये त्याला क्रोसाँचं आश्वासन देऊन हे पुढ्यात ठेवलं की पहिल्या घासालाच त्याचं मन उडतं. माझ्या सासऱ्यांचं हेच झालं. 'हे असलंच खायचं असेल तर नको तो पथ्याचा खेळ' म्हणाले आणि पुन्हा बेकरीची पुडी घरात यायला लागली. म्हणून मला या लेखाचा राग आलाय.

रात्रपाळी:
ताई, लेख माझा नाही, पण तुम्ही सगळं सकाळीच करायचं धरून चालला आहात. मी सुट्टीच्या दिवशी पीठ करते, सारण भरून आकार देते आणि न भाजताच ताटलीत सुटेसुटे ठेवून फ्रीज करते. कडक झाले की पिशवीत. ड्यूटीवरून आले की ओव्हन लावायचा, आंघोळ उरकेपर्यंत तो तापतो, फ्रीजरमधून थेट आत. भाजायला चार-पाच मिनिटं जास्त लागतात, पण माझे हात दोन मिनिटंसुद्धा अडकत नाहीत. रात्रभर उभं राहून आल्यावर घरी गरम काहीतरी आहे हे माहीत असलं की वाटेतल्या बेकरीकडे पाय वळत नाहीत. माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ८.१ वरून ६.६ वर आलंय. मला पापुद्र्यांचं काय करायचंय?

मोजूनमापून:
दोघींनी वेळ मोजला, कॅलरी कुणीच मोजल्या नाहीत. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ७५ ग्रॅम कार्ब आणि ३६० च्या आसपास कॅलरी. तेवढ्याच बदामपिठात कार्ब २० ग्रॅम, त्यातलं निम्म्याच्या आसपास फायबर, पण कॅलरी ६०० च्या घरात. वर चीज आणि लोणी. 'लो-कार्ब आहे ना' म्हणत लोक तीन-तीन खातात आणि वजन का हलत नाही म्हणून विचारतात. दुसरं ते 'नेट कार्ब', म्हणजे एकूण कार्बमधून फायबर वजा करून उरतं ते. अमेरिकी लेबलवर एकूण कार्बमध्ये फायबर धरलेलं असतं, युरोपच्या लेबलवर ते आधीच वगळलेलं असतं. लोक दोन्हीकडे वजाबाकी करतात. किती वेळा सांगायचं?

सरळसोट:
मुळात पेस्ट्रीच कशाला? दोन अंडी फोडा, तव्यावर टाका, विषय संपला. जे सोडायचं त्याचीच नक्कल करत बसलं तर जीभ सुटणार कधी? मी साखर आणि मैदा एकदम बंद केला. पहिले काही दिवस जड गेले, आता आठवणही येत नाही.

रात्रपाळी:
तुम्हाला जमलं, छान. पण स्वतःला जमलं म्हणून बाकीच्यांची जीभ मोजायला बसू नका. वर्षानुवर्षं रोज अंडी खाऊन मला त्यांचा वाससुद्धा नको झाला होता. तेव्हा 'मनावर ताबा ठेवा' म्हणणारे पुष्कळ भेटले, काय खाऊ ते सांगणारं कुणी भेटलं नाही. या पेस्ट्रीनं मला पथ्यावर टिकवलं.

कडूगोड:
पेस्ट्री राहू द्या, आत गोड काय घालता ते बोला. सगळ्यांच्या कृतीत एरिथ्रिटॉल, साखरेऐवजी घालायची ती गोड पावडर. २०२३ साली 'नेचर मेडिसिन' या संशोधनपत्रिकेत आलेला अभ्यास वाचलात का? रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्यांत हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त दिसलं. माझ्या भावाला स्टेंट बसलाय. त्याच्या ताटात मी ही पावडर येऊ देणार नाही.

मोजूनमापून:
वाचलाय. त्यातले लोक मुळात हृदयाच्या तपासणीसाठी आलेले होते, आधीच जोखमीचे. शिवाय शरीर स्वतःच ग्लुकोजपासून थोडं एरिथ्रिटॉल बनवतं. चयापचय बिघडलेल्यांत ते जास्त दिसलं तर ते खाण्यातून आलं की आजारातून, हे त्या रक्ततपासणीवरून कळत नाही. एक बातमी वाचून घरभर भीती पसरवू नका.

कडूगोड:
अर्धाच अभ्यास सांगू नका. त्यातच आठ निरोगी माणसांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल घातलेलं पेय दिलं होतं. रक्तातली पातळी दोन दिवसांहून जास्त काळ चढलेली राहिली. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सवर परिणाम होतो हेही प्रयोगशाळेत दिसलं. आणि ३० ग्रॅम म्हणजे काही अचाट प्रमाण नाही, गोड सारणाच्या दोन-तीन पेस्ट्रीत सहज जातं. जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याच वर्षी वजन उतरवायला हे गोडवे वापरू नका म्हटलंय.

मोजूनमापून:
संघटनेच्या त्या शिफारशीत एरिथ्रिटॉलसारखे 'शुगर अल्कोहोल' प्रकारचे गोडवे येतच नाहीत, आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागूही नाही. मूळ कागद उघडून बघा, मग आवाज चढवा. तीस ग्रॅमचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागेल. रोज दोन-तीन गोड पेस्ट्री खाणाऱ्यानं विचार करावा. त्यापुढे एक पाऊल मी येणार नाही.

वहिनीसाहेब:
एरिथ्रिटॉलवर भांडताय, पण खरा घात माल्टिटॉल हा दुसरा गोडवा करतो. माझ्या आईला एका बेकरीतून 'शुगर-फ्री' पफ आणून दिले. तासाभरानं मशीनवर बघितलं तर साखर दोनशेच्या वर. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात माल्टिटॉल, आणि पहिलाच घटक मैदा! माल्टिटॉलनं साखर चढते, साखरेपेक्षा कमी, पण चढते. म्हणून मी घरीच करते. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल हा गोडवा आणूच नका, त्याला थोडंसंही जिवावर बेततं.

सरळसोट:
बघा. बदामपिठावरून निघालो ते कुत्र्यापर्यंत पोचलो. सारण खारं ठेवा, एकही पावडर लागत नाही. एवढी साधी गोष्ट कुणी बोलत नाही.

वहिनीसाहेब:
मी रोज खारंच करते, पण लहान पोराच्या वाढदिवसाला काय करू? आणि तुम्ही वर 'एकदम बंद करा' म्हणालात त्यावर मला बोलायचंय, कारण ते वाचून कुणीतरी उद्या करून बसेल. आमच्या यांनी नाश्त्यातलं पीठ आणि साखर एकाएकी सोडली, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र होती तेवढीच चालू ठेवली. सकाळी अकराला घामानं शर्ट भिजलेला, बोलणं अडखळलेलं, हात थरथरतायत. साखर फारच खाली गेली होती, ग्लुकोज पाजलं तेव्हा माणूस भानावर आला. इन्सुलिन किंवा असली गोळी चालू असेल तर कार्ब कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. पेस्ट्री दहा मिनिटांत होते की पन्नास, ते नंतर बघा.

सरळसोट:
मला औषध नव्हतं, म्हणून ते डोक्यात आलं नाही. हा मुद्दा बरोबर आहे. पेस्ट्रीबद्दलचं मत तेच.

भट्टीवाली:
वहिनी, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं.

रात्रपाळी, फ्रीजरची युक्ती चांगली आहे, मानलं. पण मग लेखात 'आदल्या सुट्टीला तासभर, रोज सकाळी अर्धा तास ओव्हन' असं लिहायला हवं होतं. तुम्ही माझं म्हणणं खोडलं नाहीत, लेखाची झाकपाक केलीत. खरोखर घाई असेल तर चीजच्या वाटेला जाऊच नका. बदामपीठ, बेकिंग पावडर, अंडं, वितळलेलं लोणी, चिमूटभर मीठ, सगळं एका वाडग्यात. चमच्यानं ट्रेवर गोळे टाकायचे, १७५ अंशांवर सोनेरी होईपर्यंत भाजायचे. लाटणं नाही, चिकटलेलं भांडं नाही. दोन गोष्टी सांभाळा. पीठ साल काढलेल्या बदामांचं आणि बारीक हवं, सालीसकट जाडंभरडं घेतलं तर गोळे बसतात आणि तेल सुटतं. आणि नारळपीठ 'बदामपिठाऐवजी तेवढंच' घालू नका, ते ओल शोषून घेतं. चौथ्या हिश्श्याच्या आसपास पुरतं, आणि अंडी वाढवावी लागतात.

नवशिक्या:
मला बदामाची ॲलर्जी आहे. सूर्यफुलाच्या बियांचं पीठ चालेल का? मागे केलं तर आतून हिरवंगार झालं, बुरशी समजून सगळं फेकलं.

भट्टीवाली:
चालेल, बदामाएवढंच घ्या. ती बुरशी नव्हती. बियांतल्या क्लोरोजेनिक ॲसिडची बेकिंग सोड्याशी गाठ पडली की हिरवा रंग येतो, खायला अपाय नाही. सोडा कमी करा, थोडा लिंबाचा रस घाला.

रात्रपाळी:
झाकपाक नाही, ताई. तुमच्या गोळ्यांनाही ओव्हन तापवायचाच आहे, तो वेळ तुमच्या हिशोबात कुठे गेला? आणि त्यात सारण भरता येत नाही. मला सकाळी सारण लागतं.

कडूगोड:
मोजूनमापून, मूळ कागद उघडला. मधुमेहाबद्दलचं आणि शुगर अल्कोहोलचं तुमचं बरोबर आहे. भावाला तरीही देणार नाही.