डायल-अपवरून ब्रॉडबँड: फिल्टर किती, मोडेम कुठे, जुनं कनेक्शन कधी तोडायचं?

डायलटोन:
डायल-अप (फोन नंबर फिरवून जोडायचं जुनं नेट) सोडून आहे त्याच फोनलाइनवर एडीएसएल (फोनच्या तारेवरून चालणारं ब्रॉडबँड) घेतोय. लाइनवर तीन फोन (त्यातला एक कॉर्डलेस) आणि एक फॅक्स. मोडेम आतल्या खोलीत कंप्युटरजवळ ठेवायचाय. कंप्युटर विंडोज एक्सपीवाला, यूएसबी आहे पण नेटवर्क कार्ड नाही. फोनच्या वायरीत लावायचे फिल्टर किती लागतील? यूएसबी मोडेम घेऊ की राउटर (मोडेम त्यातच असलेला)? आणि डायल-अप लगेच बंद केलं तर काही अडेल का?

तांबेतार:
हिशोब सोपा आहे. एडीएसएल मोडेम सोडून लाइनला जे जे लागलंय, त्या प्रत्येकाच्या आधी एक फिल्टर. तुमचे चार झाले. जुना डायल-अप मोडेम अडीअडचणीला जोडून ठेवणार असाल तर पाचवा.

आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली चालतो, एडीएसएल साधारण २५ किलोहर्ट्झपासून वर. फिल्टर वरचा भाग फोनपर्यंत पोचू देत नाही, म्हणून खरखर येत नाही. उलट बाजूनेही त्याचं काम असतं: फिल्टर नसलेला एक फोन जरी उचलला तरी तो लाइनवरचा सिग्नल खातो आणि नेट तुटतं. कॉर्डलेसचा फिल्टर बेसला लावायचा. हातातला फोन भिंतीला जोडलेला नसतो म्हणून बेस हमखास विसरला जातो.

दोन चुका नेहमीच्या. एक, घाईत मोडेमलाच फिल्टर लावणे. मग मोडेमवरचा डीएसएलचा (म्हणजे एडीएसएल लाइनचा) दिवा नुसता लुकलुकत राहतो, स्थिर होतच नाही. दुसरी, एकापुढे एक दोन फिल्टर. त्याने फोनवरचा आवाज बारीक होतो. फोनच्या वायरीसाठी भोक असलेला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा बोर्ड) असेल तर मोडेमची वायर त्यातून नेऊ नका. त्यातले बरेचसे आवाजापुरतेच बनवलेले असतात.

रात्रपाळी:
चार फिल्टर चालतील, पण मी असतो तर लाइन घरात येते तिथेच एक स्प्लिटर (फोन आणि डीएसएलची वाट वेगळी करणारी डबी) बसवला असता. त्याच्या फोन बाजूला घरातलं सगळं जुनं वायरिंग, डीएसएल बाजूने एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांची एक स्वतंत्र जोडी थेट मोडेमपर्यंत. फिल्टरने फोन सांभाळले जातात, वायरिंग नाही. वापरात नसलेला वायरीचा एखादा फाटा भिंतीत तसाच लोंबत असेल तर सिग्नल त्याच्या टोकाला आपटून परत येतो आणि काही फ्रिक्वेन्सी खाऊन टाकतो. डायल-अपला याचा पत्ताही लागत नव्हता, म्हणून लोक म्हणतात, "कालपर्यंत लाइन चांगली होती!"

चोर-अलार्म लाइनला असेल तर स्प्लिटरला पर्याय नाही. तो बाकीच्या फोनच्या आधी जोडलेला असतो, त्यामुळे मागे लावलेले फिल्टर त्याच्या कामाचे नाहीत.

तांबेतार:
स्प्लिटर उत्तम, मान्य. पण भिंत फोडण्याआधी मोजा. मोडेम पहिल्या सॉकेटला लावा, बाकी सगळं काढा, ब्राउझरमध्ये मोडेमचं पान उघडा (बहुतेक १९२.१६८.१.१) आणि अटेन्युएशन (वाटेत सिग्नल किती कमी झाला) व एसएनआर मार्जिन (खरखरीच्या तुलनेत सिग्नल गरजेपेक्षा किती जास्त आहे) लिहून घ्या, दोन्ही डीबी म्हणजे डेसिबलमध्ये असतात. मग तेच आकडे आतल्या खोलीत. अटेन्युएशन जितकं कमी तितकं बरं. ३० डीबीच्या आत छान, ६० च्या पुढे रखडत चालणार. मार्जिन जितकं जास्त तितकं बरं. ६ च्या खाली लाइन तुटायला लागते.

पोर्ट५८७:
फिल्टरचं झालं, आता बाकीचं.

यूएसबी मोडेम टाळा. ड्रायव्हरची कटकट वेगळीच, शिवाय त्यात कंप्युटर थेट बाहेरच्या जगासमोर उभा असतो. डायल-अपला तो तासभर असायचा, इथे दिवसरात्र. राउटर घ्या आणि एक साधं १०/१०० नेटवर्क कार्ड. युजरनेम, पासवर्ड आणि व्हीपीआय/व्हीसीआय (कंपनीच्या जाळ्यातली तुमची वाट ठरवणारे आकडे) राउटरमध्येच भरा. हे शेवटचे दोन आकडे कंपनी देते, अंदाजाने टाकू नका. डीएसएलचा दिवा स्थिर आणि इंटरनेटचा लाल किंवा बंद, म्हणजे लाइन ठीक, यातलं काहीतरी चुकलंय. राउटरच्या पानाचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला. वायरलेस असेल तर त्याला डब्ल्यूपीए२ सुरक्षा लावा.

काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असं झालं तर राउटरमधला एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) बघा. पीपीपीओईचे (युजरनेम-पासवर्डने जोडण्याची पद्धत) ८ बाइट वजा जातात, म्हणून १५०० नाही, १४९२.

एक्सपीमध्ये इंटरनेट ऑप्शन्स, कनेक्शन्समध्ये जाऊन 'नेव्हर डायल अ कनेक्शन' निवडा. नाहीतर ब्राउझर उघडला की जुनी डायल-अपची खिडकी डोकं वर काढते, सवयीने कनेक्ट दाबलं जातं आणि एरर बघत बसावं लागतं. जुन्या मोडेमची वायर भिंतीतून काढूनच ठेवा. परस्पर नंबर फिरवून फोन बिल वाढवणारे डायलर प्रोग्रॅम वायरच नसेल तर काही करू शकत नाहीत.

डायल-अपचं खातं मात्र लगेच बंद करू नका. त्याच कंपनीचा ईमेल पत्ता वापरत असाल तर खातं बंद झाल्यावर तोही जाऊ शकतो. खातं चालू असलं तरी आणखी एक गंमत होते: मेल येतात, जात नाहीत. पाठवणारा सर्व्हर फक्त स्वतःच्या नेटवर्कवरून आलेले मेल घेत असतो. मेल प्रोग्रॅममध्ये पाठवण्यासाठी पोर्ट २५ ऐवजी ५८७ टाका आणि ऑथेंटिकेशन (युजरनेम-पासवर्डची तपासणी) चालू करा. सर्व्हरने तेही नाकारलं तर नव्या कंपनीचा एसएमटीपी (मेल पाठवणारा) सर्व्हर टाका.

आणि वेगाचा हिशोब बिटमध्ये असतो, फाइलचा बाइटमध्ये (८ बिटांचा १ बाइट). ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर १ एमबी. ५ एमबीची फाइल ४८ केबीपीएसवर १४ मिनिटं घ्यायची, इथे ५-६ सेकंद.

डायलटोन:
चारही फिल्टर लावले. पहिल्या सॉकेटला अटेन्युएशन ३३, मार्जिन ११. आतल्या खोलीत ३४ आणि ५. स्पीड दोन्हीकडे ८१९२ केबीपीएस दाखवतोय, पण आत फोन वाजला की नेट तुटतं.

तांबेतार:
अटेन्युएशन जवळपास तेच, म्हणजे एक्स्चेंजपासूनच्या अंतराला दोष नाही. मार्जिनमधले ६ डीबी घरातल्या वायरिंगने खाल्ले. फोन वाजताना लाइनवर घंटीचा मोठा व्होल्टेज येतो. त्याचा धक्का पेलायला ५ चं मार्जिन पुरत नाही. कंपनीला फोन करून काही होणार नाही, त्यांची लाइन चांगली आहे.

राउटर पहिल्या सॉकेटलाच ठेवा आणि तिथून आतपर्यंत कॅट-५ ची (नेटवर्कची) वायर न्या. नेटवर्कची वायर १०० मीटरपर्यंत चालते, तिला मार्जिनची भानगड नाही. फोनच्या चपट्या वायरीने लांबी वाढवू नका, तिला पीळ नसतो.

रात्रपाळी:
+१. आणि फॅक्सचा फिल्टर एकदा काढून दुसरा लावून बघा. खराब फिल्टरही असेच घंटी वाजताना उघडे पडतात.