लेथच्या एप्रनमधला (सॅडलपुढच्या गिअरपेटीतला) क्लच घसरतोय आणि सुटतही नाही, प्लेटा कशा बसवायच्या?

निपाणी_जॉबवर्क:
साउथ बेंड (अमेरिकन कंपनी) धर्तीचा जुना लेथ, एप्रनवर क्लच आवळायचा स्टार नॉब. ५० मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) शाफ्टवर २ मिमी कट लावला की ऑटो फीड (टूलचं आपोआप सरकणं) थांबतंय, लीडस्क्रू (लेथच्या लांबीचा आट्यांचा दांडा) मात्र फिरत राहतोय. पाना लावून आवळला तरी तेच. परवा खोलून रॉकेलनं धुऊन परत बसवला, तेव्हापासून नॉब सैल केला तरी सॅडल (टूल घेऊन सरकणारा भाग) सरकूलालंय. प्लेटांचा क्रम चुकला का ओ?

उद्यमबाग_टर्नर:
चुकलाच असेल, पण आधी ताकद कुठे तुटते ते बघा. लीडस्क्रूच्या लांब खाचेत सरकणारी की (चावी, म्हणजे लोखंडी खुंटी) वर्मला (स्क्रूसारख्या गिअरला) फिरवते, वर्म वर्मव्हीलला. प्लेटा त्या वर्मव्हीलच्या पोटात असतात. बाहेर कान असलेल्या व्हीलबरोबर फिरतात, आतून खाच असलेल्या मधल्या स्लीव्हबरोबर. नॉबचा स्क्रू सगळा गठ्ठा दाबतो आणि घर्षणानं स्लीव्ह फिरायला लागतो. तिथून पुढे गिअर लिव्हरकडे: वर लांबीचं फीड, खाली आडवं, मधे न्यूट्रल. हाफनट (आटे पाडताना लीडस्क्रूला पकडणारा दुभंगलेला नट) न्यूट्रलमध्येच बसतो, आट्यांच्या कामात या क्लचचा संबंध नाही.

घसरताना वर्मव्हील फिरत असेल तर दोष प्लेटांत. वर्मच फिरत नसेल तर की तुटलीय, प्लेटांच्या नादी लागू नका.

आता क्रम. एक कानाची, एक खाचेची, असं आलटून पालटून. एकाच जातीच्या दोन शेजारी आल्या की त्या एकत्र फिरतात आणि घासणारी एक जोडी वाया जाते.

खानापूर_फिटर:
वरचं बरोबर. पण न सुटण्याचं कारण बहुतेक वेगळं असतं. प्लेटचे कान व्हीलच्या खाचेवर आदळून तिथे खड्डे पाडतात, प्लेट त्यात अडकते आणि नॉब सैल केला तरी मागे येत नाही. खाचेच्या कडा बारीक कानशीनं सपाट करा, कानांवरचे बर (उठलेल्या धारदार कडा) काढा. प्रत्येक प्लेट सर्फेस प्लेटवर (अचूक सपाट पाट्यावर) ठेवून ०.०५ मिमीचा फिलर (फट मोजायची पट्टी) खाली जातो का बघा. गेला तर ती बशीसारखी वाकलीय, बदला. ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. चकाकी आली असेल तर ४०० नंबरच्या पेपरवर, सपाट काचेवर, गोल गोल चार-पाच फेरे पुरेत.

आणि हँडव्हील हलकं धरून बघा. तेवढ्यानं सरकणं थांबलं तर तो फक्त तेलाचा चिकटपणा आहे, दोष नाही.

आपल्याकडे सीआयचं (कास्ट आयर्न, बीडाचं) टर्निंग जास्त. त्याची काळी धूळ एप्रनच्या तेलात उतरली की लगदा होतो: पृष्ठभाग खरवडतो आणि त्यातलं ग्राफाइट घसरण वाढवतं. तेल साधं ६८ नंबरचं. मॉली (मॉलिब्डेनमची निसरडी पूड) किंवा ग्राफाइट घातलेलं नको.

निपाणी_जॉबवर्क:
कानाच्या दोन प्लेटा शेजारी होत्या, बरोबर ओळखलंत. क्रम लावला तरी नॉब एकदम टक्कन अडकतो, दाब जाणवतच नाही.

उद्यमबाग_टर्नर:
गठ्ठा झिजून पातळ झालाय, स्क्रू संपतो पण प्लेटा दाबल्याच जात नाहीत. गठ्ठ्याच्या टोकाला, प्लेटांच्या मधे नव्हे, ०.५ मिमीचा कडक स्टीलचा वॉशर घाला. नॉब हळूहळू घट्ट होत गेला पाहिजे आणि पूर्ण सैल केल्यावर स्लीव्ह बोटानं मोकळा फिरला पाहिजे. फिरला नाही तर वॉशर जाड झाला.

खानापूर_फिटर:
एप्रन चढवताना खाली लाकडी ठोकळा द्या, वजन बोल्टांवर लटकवू नका. क्रॉस स्लाइडचं हँडल थोडं हलवत राहा म्हणजे गिअरचे दात जुळतात. लीडस्क्रू घालताना त्याची खाच वर्मच्या कीसमोर आणा, नाहीतर कीचा कोपरा उडतो. शेवटी पाना पेटीत टाका. बोटांच्या जोरावर कट ओढला पाहिजे आणि सॅडल स्टॉपला (अडवायच्या ठोकळ्याला) टेकलं की क्लच घसरला पाहिजे. पान्यानं आवळलात तर तिथे वर्मचे दात जातात.