२१ दिवसांचा हिशोब सोडा
कुठलीही गोष्ट २१ दिवस रेटली की तिची सवय आपोआप लागते, असं बरेचदा ऐकू येतं. याच भरवशावर बरेच जण बाविसाव्या दिवशी हात टेकतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात (२०१०) सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच निघालं. तेव्हा खाडा झाला म्हणून पुन्हा एकपासून मोजू नका.

खरी गोची ध्येयाच्या वाक्यात असते. 'यंदा एक्सेल शिकायचं' यात कधी बसायचं तेच नाही. 'रात्रीची भांडी आवरली की लगेच टेबलाशी, २५ मिनिटं, एक फंक्शन' असं लिहा. घड्याळाच्या वेळेऐवजी रोजच्या ठरलेल्या कामाला जोडलं की जेवण लांबलं तरी क्रम मोडत नाही. उठताना उद्याची फाईल उघडी ठेवूनच उठा. शोधाशोधीतच निम्मा हुरूप जातो.

बचतीला तर हुरूप लागायलाच नको. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्या. रक्कम सुरुवातीला जरा कमीच बरी. झेपणार नाही इतकी ठेवली की दुसऱ्याच महिन्यात परत काढावी लागते.

आणि नोकरीसाठीचं शिकणं, बचत, व्यायाम हे तिन्ही एकाच १ तारखेला सुरू करू नका (मोह होतोच!). पहिलं काम न आठवता व्हायला लागलं की मग दुसरं घ्या.