पक्ष्यांच्या दाण्यांवर खारीचा डल्ला

प्रश्न: अंगणात पक्ष्यांसाठी टांगलेला फीडर एक खार मागच्या पायांनी दोरी धरून, उलटी लटकून, अर्ध्या तासात रिकामा करते. तिला इजा न करता आवर कसा घालावा?

उत्तर १: दोरी काढून फीडर गुळगुळीत लोखंडी खांबावर बसवावा आणि जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर उपड्या नरसाळ्यासारखा पत्रा लावावा. खांब मात्र झाड, भिंत व कुंपण यांपासून किमान ३ मीटर दूर हवा, कारण खार लांब झेप घेते. एका फांदीपायी माझा सारा खटाटोप वाया गेला होता.

उत्तर २: दाण्यांना मिरचीपूड चोळावी. तिच्यातील कॅप्सेसिन खारीला झोंबते, पक्ष्यांना जाणवत नाही. (वाऱ्याची दिशा पाहूनच चोळावी!)

उत्तर ३: खांबाला ग्रीस मुळीच लावू नये, ते पिसांना चिकटल्यास पक्ष्यांना साफ करता येत नाही.