बी विंग ग्रुप : नवे टायर, गाडी डावीकडे

शुक्रवार, रात्री ९:०४

पाटील ४०२ : नमस्कार. मागच्या महिन्यात या ग्रुपवर ज्यांनी टायरच्या दुकानाचा नंबर टाकला त्यांचे मनापासून आभार. चार नवे टायर घातले, अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलं, आणि आता गाडी डावीकडे ओढते. स्टीअरिंग जरा सैल सोडलं की निघाली फुटपाथकडे. हीच गाडी आधी नाकासमोर चालायची.

सोनवणे ३०१ : पाटील साहेब, नंबर मी टाकला होता. नाव घेऊन बोला ना.

पाटील ४०२ : मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही.

सोनवणे ३०१ : तेच म्हणतोय. माझे टायर तिथलेच आहेत, दीड वर्ष झालं, तक्रार नाही.

गायकवाड १०२ : डावीकडे मिसळीचं दुकान आहे का बघा. नाशिकची गाडी आहे, सकाळी ओढणारच 😄

बागूल काका १०४ : पुढची दोन चाकं डावी उजवी बदलून बघा.

क्षीरसागर वहिनी ५०१ : नाकासमोर?? पाटील भाऊ, तुमची गाडी तीन वर्षं डावीकडेच जातेय. माझ्या स्कूटीच्या जागेत.

पाटील ४०२ : वहिनी, तो विषय मीटिंगमध्ये झालाय.

क्षीरसागर वहिनी ५०१ : झालाय म्हणजे निघालाय. मिटलेला नाही.

सेक्रेटरी मॅडम २०१ : कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता ठेवावा ही विनंती 🙏 उद्या टाकीची साफसफाई. सकाळी १० ते १ पाणी बंद. भरून ठेवा.

देशमुख ६०१ : नायट्रोजन भरा. आमचे जावई नायट्रोजनच भरतात. कधी प्रॉब्लेम नाही.

आहेर २०३ : देशमुख काका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याने ओढ जात नाही. पाटील साहेब, ब्रेक दाबल्यावरच ओढते की नुसती चालतानाही? आणि स्टीअरिंग थरथरतं का?

पाटील ४०२ : नुसती चालताना. थरथर नाही. बॅलन्सिंग मी समोर उभं राहून करून घेतलंय.

आहेर २०३ : थरथर नाही म्हणजे बॅलन्सिंग ठीक. त्याचा ओढीशी तसाही संबंध नसतो. फक्त ब्रेकला ओढली असती तर ब्रेक उघडायला लावले असते. आता हवा बघा. नवा टायर रिमवर बसवताना जास्त हवा मारतात, नंतर उतरवायची राहून जाते. पुढच्या एका चाकात ३८ आणि दुसऱ्यात ३० असेल तर गाडी कमी हवेकडे जाणारच. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा, टायर थंड पाहिजेत. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे. टायरच्या अंगावरचा आकडा बघून भरू नका, ती कमाल मर्यादा असते.

बागूल काका १०४ : चाकं बदला. मग बोला.

पाटील ४०२ : आणि गेटसमोरचा खड्डा कोण विसरलंय? पेव्हर ब्लॉकचे पैसे घेऊन किती महिने झाले? रोज तिथे डावं चाक आदळतं. अलाइनमेंट राहील कशी?

सेक्रेटरी मॅडम २०१ : ठराव झालेला आहे. ए विंगचा वाटा यायचा आहे. हे आपल्याला माहीत आहे.

गायकवाड १०२ : मॅडम, कुंभमेळ्यासाठी अख्खं नाशिक खोदलंय, तेवढा एक खड्डा आपला घरचा म्हणून राहू द्या.

पाटील ४०२ : तुम्हाला बुलेटवरून हसायला काय जातं.

गायकवाड १०२ : सॉरी साहेब 🙏

बागूल काका १०४ : 🎤 व्हॉइस मेसेज (३:४१)

देशमुख ६०१ : शुभ रात्री 🌹

शनिवार, सकाळी ७:५०

पाटील ४०२ : चारही चाकांत ३३. स्टिकरवर पण ३३. झालं समाधान?

आहेर २०३ : उत्तम, एक गोष्ट बाद झाली. रस्त्याचा उतारही धरा. आपण डावीकडून चालवतो, रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे किंचित डावीकडे प्रत्येक गाडी जाते.

पाटील ४०२ : आहेर, मी ओझरपर्यंत हायवेवर नेऊन बघितली. किंचित नाही. मनात तीन मोजेपर्यंत लेन बदलते. हात दुखतो धरून. घरात सगळे समृद्धीने शिर्डीला जायचं म्हणतायत, १२०ची लिमिट आहे तिथे. या गाडीने मी नेणार नाही.

पाटील ४०२ : 📷 हा अलाइनमेंटचा कागद. पाथर्डी फाट्याला दुसरीकडे परत पैसे भरून केलेलं. सगळं हिरवं.

सोनवणे ३०१ : म्हणजे दुसऱ्या दुकानातही तेच आलं. बरं.

आहेर २०३ : पाहिला. टो, म्हणजे चाकांची तोंडं पुढून आत-बाहेर वळलेली असणं, मधोमध आहे. टो बिघडला तर बहुतेक वेळा टायर खातो आणि स्टीअरिंग तिरकं बसतं, अशी ओढ कमी देतो. ओढ येते कॅम्बर (चाकाचा वरच्या अंगाला आत-बाहेर कल) नाहीतर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) दोन बाजूंना वेगळा असला की. तुमचे दोन्ही जवळजवळ सारखे आहेत. अलाइनमेंटवर तिसऱ्यांदा पैसे घालू नका.

पाटील ४०२ : मग राहिलं काय?

बागूल काका १०४ : काल रात्री सांगितलंय.

सेक्रेटरी मॅडम २०१ : १० वाजता पाणी बंद. भरून ठेवा. नंतर फोन करू नयेत.

क्षीरसागर वहिनी ५०१ : काकांचा व्हॉइस मेसेज एकानेही ऐकलेला नाही ना? मी भाकऱ्या करताना ऐकला. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस बोलतोय आणि इथे नायट्रोजन चाललंय. काका म्हणतात, स्टीलचा पेला फरशीवर आडवा घरंगळवून बघा. सरळ जातो का? अरुंद बाजूकडे वळतो. टायरच्या आत तारांचे पट्टे असतात, ते कारखान्यात जरासे एका अंगाला सरकून बसले तर टायर दिसतो गोल पण चालतो पेल्यासारखा. अगदी नवा कोरा असला तरी. म्हणून पुढची दोन चाकं आपसात बदलायची. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. डावीकडेच राहिली तर टायर सोडा, गाडीत शोधा. मी पेला घरंगळवून बघितला. खरं आहे.

आहेर २०३ : काका, मानलं 🙏 मी कोनिसिटीवर (टायरच्या याच दोषाचं नाव) एवढं मोठं लिहायला बसलो होतो, तुमचा पेला पुरला.

बागूल काका १०४ : टायरवर बाण आहे का ते आधी बघा. बाण असेल तर डावं उजवीकडे घालायचं नाही, उलटं फिरेल. मग त्याच बाजूचं पुढचं मागे करायचं.

पाटील ४०२ : बाण नाही. ‘आउटसाइड’ लिहिलंय.

बागूल काका १०४ : मग चालेल. ते अक्षर बाहेर राहू द्या.

देशमुख ६०१ : पण चारही एकाच कंपनीचे आहेत ना? जावई विचारतायत.

पाटील ४०२ : हो काका. चारही.

गायकवाड १०२ : जॅक माझ्याकडे आहे. येतो खाली. बुलेटवाला असलो तरी.

पाटील ४०२ : या. चहा आहे.

दुपारी १२:३५

पाटील ४०२ : बदलली. गंगापूर रोडला सोमेश्वरपर्यंत चक्कर मारून आलो. आता उजवीकडे ओढते. रस्त्याचा उतार डावीकडे असूनही.

आहेर २०३ : मग टायरच. विषय संपला.

सोनवणे ३०१ : म्हणजे फिटिंग व्यवस्थित होतं. अलाइनमेंट व्यवस्थित होतं. दुकानदाराची काही चूक नव्हती. ग्रुपवर तसं लिहायला हरकत नसावी.

पाटील ४०२ : टायर दिला कुणी? शेजाऱ्यांनी?

सोनवणे ३०१ : टायर दुकानदार बनवत नाही साहेब. बिल आहे ना? सोमवारी मी येतो बरोबर. कंपनीकडून बदलून घेऊ.

पाटील ४०२ : बिल आहे. या. बरं होईल.

बागूल काका १०४ : दोनातला कोणता ते आधी शोधून न्या. एकेक करून मागच्याशी बदला. ज्याला मागे घातल्यावर ओढ जाते तो. नाहीतर ते चांगलाच काढून नेतील.

गायकवाड १०२ : म्हणजे अजून दोन वेळा जॅक. पाटील साहेब, चहाबरोबर काहीतरी लागेल आता. हात धुवायला पाणी पण नाहीये.

सेक्रेटरी मॅडम २०१ : काल रात्रीपासून सांगत होते.

क्षीरसागर वहिनी ५०१ : मला आता हरकत नाही. उजवीकडे माझी स्कूटी नाही. मॅडमची नवी गाडी आहे.

सेक्रेटरी मॅडम २०१ : पाटील साहेब, ते मागचं-पुढचं कृपया आजच करून घ्यावे.